घरातला गाळ कोणी मोजला?



या अंकाचं संपादकीय पडदे धुण्यावर आहे हे पाहून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडतील. पोटगी, हिंसा, रेशन, पाणी, कामाच्या जागी होणारा छळ, एवढे प्रश्न समोर असताना पडदे? सुती पडदा कसा धुवायचा आणि रेशमी कसा, हे सांगायला गृहिणींची मासिकं आहेत की! आहेत, आणि त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितलंही आहे. फक्त हे काम कोणी करायचं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. त्यांच्या लेखी तो सुटलेलाच होता. ‘कोणी’ हा प्रश्न स्त्रियांच्या चळवळीने विचारला. पण उद्या सकाळी बादलीत हात घालणाऱ्या बाईला ‘कसं’ हेही कळायला हवं असतं. कापड फाटू नये, हात सोलू नयेत, छाती भरून येऊ नये, कंबर धरू नये, एवढं तरी. म्हणून या वेळी दोन्ही प्रश्न एकत्र घ्यायचं ठरवलं आहे.

पडद्यांचा विषय किती साधा आणि किती गंभीर आहे, हे चिपळूणच्या बायकांना वेगळं सांगायला नको. २०२१ च्या २१ जुलैच्या रात्रभर पाऊस कोसळत होता. २२ जुलैला उजाडायच्या आतच वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी गावात शिरलं. बाजारपेठ, पेठमाप, मुरादपूर, खेर्डी, जिकडे पाहावं तिकडे पाणी. तळमजले बुडाले, काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला जाऊन भिडलं. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनी त्या आठवणीवर भरवसा ठेवून सामान जिथवर उचलून ठेवलं होतं, त्याच्याही वर या वेळी पाणी चढलं. त्यात करोनाची साथ चालू होती. पाणी ओसरलं तेव्हा मागे उरला तो गाळ.

या गाळाचे दोन भाग करून पाहू. एक नदीतला आणि एक घरातला. नदीतला गाळ काढा म्हणून २०२१ च्या डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. मागणी रास्त होती. पुढे गाळ काढायचं काम सुरू झालं. किती घनमीटर निघाला, किती यंत्रं लागली, किती निधी खर्च झाला, याच्या नोंदी झाल्या, त्यावर बैठका झाल्या, वाद झाले. व्हायलाच हवे होते.

आणि घरातला गाळ? फडताळातून, डाळतांदळाच्या डब्यांतून, गाद्यांतून, देवघरातून, शिलाई मशीनच्या खणांतून, पडद्यांच्या चुण्यांतून जो निघाला तो? तो घमेल्यांनी उचलला गेला, बादल्यांनी धुतला गेला. राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या तरुण मुलामुलींनी त्यात हात लावला, त्यांचे आभार मानायलाच हवेत. पण ते चार-आठ दिवसांनी परतले. त्यानंतरचे आठवडे आणि महिने घराघरांतल्या बायकांचे होते. एक पडदा चार पाण्यातून काढला तरी पाचवं पाणी तांबडंच. तो वाळायला घालावा तर श्रावणातला पाऊस. ३ ऑगस्ट २०२१ ला राज्य सरकारने पूरग्रस्तांसाठी ११,५०० कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं. पाणी शिरलेल्या कुटुंबाला दहा हजार रुपयांची मदत जाहीर झाली. पंचनाम्यात वस्तूंचे रकाने होते. त्या वस्तू पुन्हा वापरण्याजोग्या करण्यासाठी खर्ची पडलेल्या दिवसांना मात्र रकाना नव्हता.

पडदा म्हणजे चैन?

कोणी म्हणेल, घर बुडाल्यावर पडद्यांचं काय एवढं. ज्यांच्या घरात चार खोल्या आणि प्रत्येक खोलीला दार आहे, त्यांनी हे खुशाल म्हणावं. एका खोलीच्या बिऱ्हाडात पडदा ही भिंत असते. त्याच्यामागे कपडे बदलायचे, पाळीची घडी वाळवायची, बाळंतिणीने पाजायला बसायचं, वयात आलेल्या मुलीने अभ्यास करायचा. आजही कितीतरी घरांत न्हाणीच्या दाराला जुन्या साडीचाच पडदा असतो. पूर आला की बायकांना शाळेत, सभागृहात, देवळात, मशिदीत आसरा घ्यावा लागतो आणि तिथे पहिल्या रात्री पहिली गरज पडते ती आडोशाची. दोरी बांधून त्यावर साड्या टाकल्या जातात. म्हणजे पडदा ही बाईची गरज आहे आणि तो धुणं हे बाईचं काम आहे. गरज कोणाला दिसत नाही आणि काम कोणी मोजत नाही.

म्हणून कामाचंच आधी बोलू. नीट, ओळीने.

कापड ओळखून धुणं

पडदा मळाने फाटत नाही, बहुतेक वेळा चुकीच्या धुण्याने फाटतो. पहिली गोष्ट, कोरडी धूळ आधी काढायची. पडदा लटकलेला असतानाच मऊ ब्रशने किंवा कोरड्या फडक्याने वरून खाली झाडावा, मग उतरवून अंगणात किंवा गच्चीत झटकावा. झटकताना नाकातोंडावर रुमाल बांधावा. दमा असलेल्या बाईने हे काम करूच नये. धूळ तशीच ठेवून पडदा पाण्यात टाकला की तिचा चिखल होतो आणि विणीत जाऊन बसतो. मग तो घासून काढावा लागतो आणि घासण्यानेच सूत तुटतं.

दुसरी गोष्ट, हुक, कड्या, दोऱ्या सगळं काढून ठेवावं. लोखंडी हुक राहिला तर गंजाचा डाग पडतो. न निघणाऱ्या धातूच्या कड्या असतील तर तेवढा भाग जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून धुवावा.

तिसरी, पडदा उजेडासमोर धरून पाहावा आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणावा. वर्षानुवर्षं उन्हाकडे तोंड करून राहिलेलं सुती आणि रेशमी कापड आतून कुजतं. दिसायला धड दिसतं, पण पाणी पिऊन जड झालं की आपल्याच वजनाने फाटतं. असा पडदा मशीनमध्ये टाकू नये. पसरट टबात घडी घालूनच बुडवावा, हाताने दाबून धुवावा आणि दोन्ही हातांवर तोलून उचलावा.

चौथी, रंगाची परीक्षा. पडद्याच्या आतल्या कोपऱ्याला साबणाच्या पाण्याचा थेंब लावून त्यावर पांढरं फडकं दाबावं. फडक्याला रंग लागला तर तो पडदा एकटा, थंड पाण्यात, भिजत न ठेवता धुवायचा. मिठाच्या पाण्यात ठेवलं की कच्चा रंग पक्का होतो असं ऐकत आलो आहोत; तसं दर वेळी होतंच असं नाही. मिठावर विसंबण्यापेक्षा दोन मिनिटांची परीक्षा बरी.

तयार पडद्याला आत एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावरची चित्रं वाचायला शिकावं, त्यासाठी इंग्रजी यावं लागत नाही. टबाचं चित्र म्हणजे पाण्यात धुता येतो. टबात हात असेल तर फक्त हाताने. टबावर फुली असेल तर पाण्यात नको. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनिंग.

आता कापडं. सुती आणि खादीचा पडदा पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून नवा पडदा शिवायच्या आधीच कापड भिजवून वाळवून घ्यावं. धुवायचा तो थंड किंवा कोमट पाण्यात. पॉलिएस्टरला पाणी आणि साबण फार लागत नाही, पण कढत पाणी आणि गरम इस्त्री चालत नाही. गरम पाण्यात पडलेली चुणी पुढे निघत नाही आणि इस्त्रीने कापड वितळतं. जाळीचा पडदा चोळूही नये, पिळूही नये. साबणाच्या पाण्यात वरखाली बुचकळावा आणि तसाच निथळत ठेवावा. रेशमाला रिठ्याचं पाणी उत्तम. त्याला ब्लीच कधीही लावू नये, ब्लीच रेशमाचा आणि लोकरीचा धागाच खाऊन टाकतं. उजेड अडवणाऱ्या जाड पडद्यांना मागून रबरासारखा थर असतो. ते भिजत ठेवू नयेत, पिळू नयेत, घडी घालून उन्हात टाकू नयेत. थर चिकटतो आणि सोलून निघतो. ते ओल्या फडक्याने पुसलेले बरे. मखमल मऊ ब्रशने लव ज्या दिशेला पडते त्या दिशेने झाडावी. अस्तर लावलेला पडदा धुताना ध्यानात ठेवावं की अस्तर आणि वरचं कापड सारखं आटत नाही. अस्तर उसवून वेगळं धुणं त्रासाचं, पण तसं केलं नाही तर पडद्याला कायमचा झोळ येतो.

मशीनमध्ये धुवायचे झाले तर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. पडद्याला पाण्यात हलायला जागा लागते. वाळवताना रंगीत पडदे सावलीत, वाऱ्यावर. थोडा ओलसर असतानाच पडदा दांडीवर चढवला तर त्याच्या वजनानेच चुण्या सरळ होतात आणि इस्त्रीचं काम वाचतं. दांडी लोखंडी असेल तर आधी ती पुसून कोरडी करावी.

आता कोकणापुरतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि घरभराचे पडदे उतरवण्याचा मुहूर्त मात्र असतो गणपतीच्या आधीचा. म्हणजे हवेत सर्वात जास्त ओल असते तेव्हा. चाकरमानी येणार, पाहुणे येणार, घर चकचकीत दिसलं पाहिजे. मग ओले पडदे पंख्याखाली, पडवीत, खुर्च्यांच्या पाठीवर आठवडाभर पडून राहतात, कुबट वास धरतात आणि त्यांच्यावर काळे ठिपके येतात. हे धुणं मेच्या कडक उन्हात आणि नंतर ऑक्टोबरच्या तापात करावं. जाड पडदे मेमध्येच धुऊन, खडखडीत वाळवून, ट्रंकेत ठेवावेत आणि पावसाळाभर पातळ कापड लावावं. खळ मात्र पावसाळ्याआधी करू नये. पेजेची खळ बुरशीला आणि कसरीला आयतं खाद्य असते. गणपतीला जाड पडदे दिसले नाहीत म्हणून बाप्पा रागावणार नाही. घरातल्या कोणाला वाटलंच तसं, तर त्याने धुवावेत.

बुरशी आली तर पडदा घरात झटकू नये. तिची धूळ छातीत जाते. बाहेर नेऊन, तोंडाला फडकं बांधून झाडावा, दोन्ही बाजूंनी ऊन दाखवावं आणि मग धुवावा. पांढऱ्या सुती पडद्याला पातळ केलेलं ब्लीच चालतं, तेही बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ. जास्त घातलं म्हणून जास्त स्वच्छ होत नाही, सूत मात्र कमजोर होतं.

पुराच्या गाळाने माखलेला पडदा

पुराचं पाणी नुसतं मातीचं नसतं. त्यात गटाराचं पाणी असतं, संडासाचं असतं, मेलेल्या जनावरांचं असतं, पंपाच्या आणि गॅरेजच्या टाक्यांतलं तेल असतं. म्हणून इथे नेहमीचा नियम बदलतो. हा गाळ वाळू द्यायचा नाही. वाळला की धाग्यात रुततो आणि त्याची धूळ श्वासात जाते. पडदा ओला असतानाच अंगणात दोरीवर किंवा कठड्यावर टाकावा आणि साध्या पाण्याचा हलका झोत सोडावा, वरून खाली, आधी उलट बाजूने. साबण लगेच लावू नये. निथळणारं पाणी नितळ दिसेपर्यंत नुसतं पाणी, मग साबणाचं. रंगीत आणि पांढरे आधीपासून वेगळे ठेवावेत. ओल्या ढिगात एकावर एक पडून राहिले तर एका रात्रीत रंग एकमेकांना लागतात.

आपल्याकडच्या तांबड्या मातीचा रंग लोहाचा आहे. मागे राहिलेल्या तांबूस डागावर ब्लीच ओतलं तर डाग जात नाही, उलट पक्का होऊ शकतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवावं आणि खळखळून धुवावं. मात्र त्या आधी वापरलेलं ब्लीच पूर्ण निघून गेलेलं असलं पाहिजे. कापडाला रॉकेलचा किंवा डिझेलचा वास येत असेल तर ते मशीनमध्ये घालू नये आणि चुलीजवळ वाळवू नये. जंतू मरण्यासाठी सुती कापड कढत पाण्यात काढावं आणि नंतर कडक ऊन दाखवावं. आणि एक शेवटचं. जो पडदा तीन धुण्यांनंतरही वास सोडत नाही, तो टाकून द्यावा. बाईची कंबर पडद्याहून महाग आहे.

हाताला, छातीला, कमरेला

पुरानंतर घराघरांत ब्लीचिंग पावडर, फिनेल, ॲसिड एकदमच बाहेर निघतं. लक्षात ठेवा, ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरिन हा विषारी वायू तयार होतो. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच न्हाणीत, एकाच बादलीत, एकामागोमाग वापरू नका. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच घातक आहे. खिडकी नसलेल्या मोरीत तर चार श्वासांत जीव घाबरा होतो. घशाला आग लागली, खोकला सुटला तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या. पडदा नंतर.

लेप्टो हा शब्द कोकणात कोणाला नवा नाही. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून तो होतो, पायाच्या भेगेतून, हाताच्या कापातून शिरतो. गाळात उतरताना गमबूट आणि रबरी हातमोजे लागतात. पुरुषांसाठी शेतात गमबूट घेतले जातात, घरात गाळ उपसणाऱ्या बाईसाठी कोणी घेतलेले आठवतात का? तिच्या पायात स्लीपर असतात किंवा काहीच नसतं. जखमेवर पट्टी बांधा. लेप्टोच्या प्रतिबंधाची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना ‘मी पुराच्या चिखलात काम केलं आहे’ हे न विचारता सांगा.

उंचावरून पडणं हा तिसरा धोका. खुर्चीवर स्टूल, स्टुलावर बाई, दोन्ही हात वर आणि खाली धरायला कोणी नाही, हे चित्र प्रत्येक घरातलं आहे. पडदे उतरवणं हे दोन माणसांचं काम आहे, असं घरात जाहीर करून टाका. ओला पडदा उचलणं हा चौथा. दीड किलोचा सुती पडदा पाणी पिऊन चार-पाच किलोंचा होतो. असे आठ पडदे, विहिरीपासून दोरीपर्यंत. बाळंत होऊन थोडे दिवस झालेल्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बाईने हे वजन उचलता कामा नये. त्यांनाच ते उचलावं लागतं, हे आपण रोज पाहतो. आणि पुरात बुडालेलं वॉशिंग मशीन वीज मिस्त्रीने तपासल्याशिवाय चालू करू नका.

आता, कोणी?

एवढं ज्ञान, एवढी मेहनत, एवढा धोका ज्या कामात आहे, त्याला आपण ‘घरी बसणं’ म्हणतो. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. ज्या बायका बिनपगारी घरकाम करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, आणि जे पुरुष करतात त्यांचा ९७ मिनिटं. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी शंभरातल्या ८१ हे काम करत होत्या, पुरुषांपैकी शंभरातले २६. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बायकांचा वेळ २८९ मिनिटांवर आला. पुरुषांचा वाढला असेल असं वाटतं ना? तो ८८ मिनिटांवर उतरला.

२०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या निकालात २००१ च्या जनगणनेला खडसावलं होतं, कारण तिथे घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत ‘अनुत्पादक’ म्हणून बसवलं होतं. २०२१ च्या जानेवारीत, म्हणजे चिपळूणच्या पुराआधी सहा महिने, त्याच न्यायालयाने कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात घरकामाला आर्थिक मूल्य आहे हे पुन्हा ठणकावून सांगितलं आणि आधाराला २०१९ च्या पाहणीचे हेच आकडे घेतले. निकाल मोलाचा आहे. पण खटला भरपाईचा होता. रस्त्यावर चिरडून मेल्यावर बाईच्या कामाची किंमत काढली जाते. ती जिवंतपणी पडदे धूत असते तेव्हा नाही.

दुसरी बाजूही पाहू. ज्या घरांत बाई स्वतः पडदे धूत नाही, तिथे दुसरी बाई धुते. सणाच्या आधी ‘जरा पडदे तेवढे काढ ग’ असं मोलकरणीला सांगितलं जातं. त्या ‘जरा’ मध्ये तिचा अर्धा दिवस जातो आणि पगार तेवढाच राहतो. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली, तेव्हा घरातलं काम हे काम आहे हे रस्त्यावर येऊन सांगितलं गेलं. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण रोजचं धुणं वेगळं आणि पडदे वेगळे, त्याचे पैसे वेगळे, हे अजून प्रत्येकीला दारात उभं राहून एकटीने ठरवावं लागतं. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मदतनीस येते त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग करायचं काय? पुराच्या गावांतल्या गटांनी या पावसाळ्याआधी एक बैठक नुसत्या या विषयावर घ्यावी. मागण्या नगरपालिकेला आणि तहसीलदारांना लेखी द्याव्यात. पुराच्या मदतीत तांदूळ-चादरींबरोबर गमबूट, हातमोजे आणि साबण बाईच्या मापाचे आणि बाईच्या हातात मिळावेत. वाटलेल्या ब्लीचिंग पावडरीबरोबर ती कशात मिसळू नये हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद असावा. पाणी ओसरल्यावर प्रत्येक वाडीत धुण्यासाठी टँकर आणि कपडे वाळवायला छप्पर असलेली एक जागा द्यावी. निवाऱ्याच्या ठिकाणी पहिल्या दिवशीच आडोशाची सोय असावी, बायकांच्या साड्यांवर ती सोडू नये. पंचनाम्याच्या वेळी घरातल्या बाईला बोलतं करावं, तिचीही सही घ्यावी. आणि साफसफाईचे दिवस मजुरीच्या दराने भरपाईत धरावेत. शेवटची मागणी ऐकून साहेब हसतील. हसू द्या. नदीतला गाळ मोजा म्हटल्यावरही कधीकाळी कोणीतरी हसलंच असेल.

आणि सरकारची वाट न पाहता एक काम आजच करता येईल. एक वही करा. मेमध्ये पडदे धुवाल तेव्हा तारीख घाला. कोणी उतरवले, कोणी धुतले, कोणी वाळत घातले, कोणी चढवले, किती तास गेले, ते लिहा. घरातल्या प्रत्येक नावापुढे. महिनाभराने ती वही जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचा. आठ-दहा घरांच्या अशा वह्या एकत्र आल्या की तो गटाचा पहिला पंचनामा होईल, आणि पुढच्या पुरानंतर तलाठ्याने विचारलं ‘तुमच्या कामाचा हिशेब काय’, तर दाखवायला आपल्याजवळ कागद असेल.